तळीराम तू वाच

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्र

प्रिय विन्या,

फोन मध्येच तुटला ते बरं झालं, नाहीतर भांडण पहाटेपर्यंत चाललं असतं. तुझं म्हणणं, गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातल्या सुधाकरला समाजानं मारलं. मुन्सफानं वकिलीची सनद काढून घेतली, तळीरामानं प्याला पुढे केला, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

अरे, सनद काही कायमची गेली नव्हती! पण चारचौघांत मान खाली घालायची त्याला सवयच नव्हती. दारू नंतर आली, ताठा आधीपासून होता. त्याच्या बायकोचं, सिंधूचं, मात्र तुझं मान्य. भाऊ आधार द्यायला तयार असताना ती दळणं दळत तिथेच राहिली. नवरा कसाही असो, देवच, हे तिला लहानपणापासून पढवलं कुणी? आणि बालगंधर्वांच्या सिंधूसाठी डोळे पुसणारे कोण? तेच लोक.

पहिला प्रयोग आपल्याच गावातला, २० फेब्रुवारी १९१९. गडकऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. आज दारूबंदीमुळे त्याच गावात प्याल्याला परमिट लागतं!

आता तुला कधी न सांगितलेलं. साहेबांशी वाजलं आणि मी तीन महिने घरी बसलो, आठवतं? घरी बसलो कुठला! रोज नऊला डबा घेऊन निघायचो आणि सुरसागर तळ्याच्या पाळीवर जाऊन बसायचो. बाराला डबा उघडायचा. पोळीभाजी गार, वर तेल थिजलेलं. समोरून कुणी ओळखीचं आलं की बूट पुसत असल्यासारखा वाकायचो. कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं रे. सगळं माझ्याच डोक्यात. म्हणून सुधाकरचा मला राग येतो, कळलं?

त्याच दिवसांत तू म्हणाला होतास, "चल, दमणला जाऊन येऊ, बरं वाटेल." दमणला, म्हणजे दारूबंदीबाहेर प्यायलाच. मी तयार होतो. पिशवीही भरली होती. रात्री सणकून ताप भरला म्हणून राहिलो. ही म्हणते, देवानं वाचवलं. मी म्हणतो, मलेरियानं. स्वभावानं वाचवलं असं मात्र छातीठोकपणे म्हणवत नाही. तिथे तुझा मुद्दा थोडा खरा असेल. थोडाच.

पुढच्या रविवारी वाड्यात वाचन ठेवलंय. जोशीकाकू सिंधू वाचणार, वय वर्षं सत्तर. तू येच. तळीराम तुझ्यासाठी राखून ठेवलाय, आणि येताना मांडवीवरून शेव घेऊन ये, उसळ हिची.

तुझा,
बाळ्या