तापीच्या थरांना नावं कधी मिळणार?

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

आपल्याकडे ट्यूबवेल किती खोल गेली, केळीच्या बागा कशा सुकल्या हे पेपरात येतच असतं, पण ते पाणी ज्या थरांत आहे त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र. रावेर, यावल, चोपड्याकडे सातपुडा आणि तापीच्या मधे गाळ इतका जाड आहे की शेकडो फूट मारलं तरी बऱ्याच ठिकाणी काळा पाषाण लागतच नाही. आणि हा गाळ काही एकसारखा नाही, पिवळी माती, चिकण माती, मधेच चुनखडीचे खडे, मग रेती, डोंगराच्या पायथ्याला मोठाले गोटे. पाणी रेती-गोट्यांत खेळतं, चिकण मातीत अडतं. रिपोर्टात मात्र याचं काय होतं, तर फार तर जुना गाळ आणि नवा गाळ, संपलं!

भूशास्त्रात थराला नाव द्यायची पद्धत ठरलेली आहे. आधी तो कशाचा बनलाय ते बघायचं (वय नंतर), त्याची वरची-खालची हद्द दाखवायची, नकाशावर काढता आला पाहिजे, आणि जिथे तो सगळ्यात नीट दिसतो अशी एक जागा नमुना म्हणून जाहीर करून जवळच्या गावाचं किंवा नदीचं नाव द्यायचं. नागपूरजवळच्या कामठीचं नाव असंच थराला मिळालंय, जबलपूरच्या लमेटा घाटाचंही. मग तापीकाठच्या गावांचं का नाही?

चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे उत्खननात एकावर एक थर वेगळे मोजले म्हणून तर अश्मयुगाचा क्रम लागला, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी नेमके कुठल्या थरातले हे सांगता आलं. तेवढी काळजी पूर्ण खोऱ्याची घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मेगा रिचार्जची, म्हणजे तापीचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरवायच्या योजनेची, चर्चा चालू आहे, पण पाणी कुठे मुरेल आणि कुठे अडेल हे थर जोडून बघितल्याशिवाय कसं कळणार? बोअरवाले दर काही फुटांवर काय लागलं ते बघतात, ती माहिती गावागावातून गोळा करा, विद्यापीठातल्या पोरांना या कामाला लावा. आणि नदीकाठच्या ज्या उभ्या दरडींत हे थर उघडे दिसतात त्यातल्या दोन-चार तरी विटा-मातीच्या खोदकामापासून आत्ताच राखून ठेवा, एकदा जेसीबी फिरला की नमुना दाखवायला जागाच उरणार नाही.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. यावल