चोसिन, मोजे आणि आपलं जुनं भांडण

प्रिय अवी,

आठ महिन्यांत एक ओळ नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. गुडघा आहे तसाच, शुगर ताब्यात. आता मुद्द्याचं. शनिवारच्या व्याख्यानाचं पोस्टर काल आलं: ‘बर्फातली शौर्यगाथा’. वाचून पहिलं तुझंच तोंड आठवलं. चाळीस मिनिटं दिलीत आणि मला बोलायचंय मोज्यांवर. लोक उठून जातील का रे?

बघ ना. कोरियन युद्ध, १९५० चा नोव्हेंबर संपताना, उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी अमेरिकन मरीन आणि चिनी फौज समोरासमोर, रात्री पारा उणे तिशीच्या खाली. मरीन सैनिकांच्या पायात रबरी तळाचे शू-पॅक बूट. चढावर पाय घामेजतात, रबरातून ओल बाहेर जात नाही, आणि माणूस थांबला की तोच घाम बुटात गोठतो. उपाय एकच: थांबल्या थांबल्या मोजे आणि आतले फेल्टचे तळवे बदलायचे, ओले शर्टाच्या आत पोटाशी वाळवायचे. पण गोळीबारात बूट काढायला बसणार कोण?

बंदुकांचं तेच. वंगण घट्ट होऊन बोल्ट रांगायला लागतो. कार्बाईन या हलक्या बंदुकीनं हात टेकले, एम-१ रायफल मात्र तेल पुसून कोरडी ठेवली तर चालायची. काहींनी केसांना लावायचं तेल वापरलं (नानांना सांगू नकोस, त्यांची बाटली घेऊन येतील). तोफेची नळी धक्क्यानं मागे गेली की जागेवर यायला घटका लावायची. मॉर्टरचे तळपाट तडकायचे, कारण गोठलेली जमीन दबतच नाही, सगळा धक्का लोखंडाच्या अंगावर. मॉर्फिनच्या नळ्या वितळाव्यात म्हणून तोंडात धरायच्या. जखमींना द्यायचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव) तर गोठलेलाच, द्यायचा कसा?

इथे तू म्हणणार, ‘थंडी दोघांनाही सारखीच होती ना?’ सतरा वर्षं हेच ऐकतोय. मास्तरांच्या ओट्यावर यावरूनच मी चहा अर्धा टाकून निघून गेलो होतो. तर घे, लिहून देतो: तुझं बरोबर होतं, थंडीनं चिन्यांनाही सोडलं नाही. चिनी सेनापती साँग शिलुनची नववी आर्मी ग्रुप पूर्व चीनमधून घाईघाईनं वर आणलेली. अंगात कापूस भरलेले पातळ कपडे, पायात कॅनव्हासचे बूट. विमानांच्या धाकानं चूल पेटवायची सोय नाही, बटाटे गोठून दगड झालेले, ते काखेत धरून मऊ करायचे. चीनच्याच हिशेबात लढाईबाहेर, मुख्यतः थंडीनं, निकामी झालेले सुमारे २९ हजार, लढाईत पडलेल्यांहून कितीतरी जास्त. हिमदंश मरीनांनाही झाला, हजारोंना. पण मरीनांच्या जनरल स्मिथनं जलाशयाजवळच्या हागारू गावी गोठलेली जमीन खरवडून धावपट्टी करून घेतली होती. ती अर्धीही झाली नव्हती तेव्हा, १ डिसेंबरला, पहिलं विमान उतरलं आणि पुढच्या काही दिवसांत चार हजारांवर जखमी उचलले गेले. चिन्यांच्या जखमींना कोण उचलणार होतं?

मग वाटतं, थेट पुलापासूनच सुरुवात करावी. मरीनांना मागे समुद्राकडे जायला कोटोरी गावाच्या खाली फुंचिलिन खिंडीत एकच रस्ता, एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी, आणि मधला पूल चिन्यांनी तीनदा उडवलेला. मरीनांच्या इंजिनिअरांचा प्रमुख पार्ट्रिज, त्यानं हिशेब मांडला: ट्रेडवेचे (चाकांखाली टाकायच्या दोन पट्ट्यांचा तयार पूल) चार तुकडे लागतील, मागवू आठ. एकेक टनाहून जड. छोट्या पॅराशूटवर चाचणी फसली, म्हणून प्रत्येक तुकड्याला दोन टोकांना दोन मोठी पॅराशूट. ७ डिसेंबरला आठ विमानांतून आठ तुकडे पडले. एक चिन्यांच्या हद्दीत गेला, एक मोडला. उरले सहा, आणि लागणार होते चारच! (‘दुप्पट मागवा’ हे तुझ्या लग्नातल्या श्रीखंडालाही लागू होतं, तेव्हा तू ऐकलं नाहीस.) तरी खिंडार थोडं लांबच निघालं, मग कडेला लाकडी ओंडक्यांची चौकट रचून ते भरलं. दोन पट्ट्यांमधल्या प्लायवुडवरून एक जड ट्रॅक्टर गेला आणि फळी मोडून अडकला. तो मागे काढला, पट्ट्या पूर्ण फाकवून पुन्हा टाकल्या, तेव्हा रणगाड्याला दोन इंच वाव उरला आणि जीपला अर्धा. रात्रीच्या अंधारात, घसरड्या उतारावर, टॉर्चच्या खुणेवर एकेक गाडी. हे सांगताना माझा आवाज चढेल, तेव्हा पोस्टरवाले खूश.

मग मोजे कुठे घालू? शेवटी घातले तर कोण ऐकणार? आणि तुझी लाडकी ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, आपल्या भारतीय सैन्याची वैद्यकीय तुकडी, मी घेत नाहीये, आधीच सांगतो. तिचे प्रमुख रंगराज आणि त्यांची माणसं त्या हिवाळ्यात कोरियात होती खरी, पण पश्चिमेला. उगाच प्रश्नोत्तरांत चिठ्ठी पाठवू नकोस.

वहिनींच्या डोळ्याचं काय झालं? सोनूचं जर्मनीचं पक्कं झालं का? फ्लॅटचं लिही सविस्तर.

तुझ्या निळ्या वहीत पुलाची आकृती आहे, मापांसकट. फोटो काढून गुरुवारपर्यंत पाठव. माझ्या आकृतीत जीप दरीत पडते.

तुझा,
सुध्या