राजाराम तलावावरच्या अण्णांना

अण्णा,

तुम्ही फोनवर बातम्या आणि भजनं सोडून काही बघत नाही हे मला माहितीय, म्हणून हे तुमच्या नातवाला पाठवतेय, तो वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहायचं कारण एवढंच की समोर आले की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणून विषय बदलता आणि माझं बोलायचं राहून जातं. गोव्याच्या शर्यतीहून येऊन आठवडा होत आला तरी मेडल अजून डायनिंग टेबलावरच आहे, कुणी उचलून ठेवलं की मी परत आणून ठेवते, आणि तलावाचं नाव निघालं तरी गळा दाटून येतो. म्हणून आत्ताच लिहितेय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ नावाची शर्यत होते, २०१९ ला सुरू झाली, मधली दोन वर्षं कोविडमुळे झाली नाही. ७०.३ म्हणजे एकूण मैल, आपले साधारण ११३ किलोमीटर. आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन लगेच ९० किलोमीटर सायकल, आणि सायकल ठेवली की २१.१ किलोमीटर पळायचं. सगळं साडेआठ तासांत, आणि पोहणं पहिल्या १ तास १० मिनिटांत संपवायचं, नाही संपलं तर सायकलला हातसुद्धा लावता येत नाही. माझी सायकल बरी होती, पन्हाळ्याचा चढ आणि गगनबावड्याचा रस्ता पायाखालचा होता. पळणं पण ठीक. बँकेची नोकरी, घर, मुलाची दहावी हे सगळं सांभाळून पहाटे उठायची सवय झाली होती. अडलं ते पाण्यात.

चाळिशीनंतर पोहायला शिकणाऱ्या बाईला काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहून ठेवते, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील. एका टँकवर लेडीज बॅच भर दुपारी, पाऊण तासाची, त्यात कोच काठावर खुर्ची टाकून फोन बघत बसायचे. मी त्यांना म्हटलं मला समुद्रात पोहायचंय, तर म्हणाले मॅडम या वयात कशाला, फिटनेससाठी पाण्यात चाला, गुडघ्यांना बरं असतं. मग एका ऑनलाइन कोचिंगला पैसे भरले, कमी नव्हते. फोनवर प्लॅन यायचा, वर्कआउट झाला की चौकोन हिरवा, नाही झाला की लाल. पाण्यात मला नक्की काय होतंय हे त्या माणसाने एकदाही विचारलं नाही. मी लिहिलं की टँकमध्ये जमतं पण उघड्या पाण्यात छाती भरून येते, तर उत्तर आलं की सगळं डोक्यात असतं, डोकं स्ट्राँग करा.

आणि मागच्या वेळी गोव्यात तेच झालं. आत गेले, खाली तळ दिसेना, पुढे मागे लोकांचे हातपाय लागतायत, लाट आली की तोंडात खारं पाणी, आणि श्वास घेताच येईना. कयाक, म्हणजे मदतीची छोटी होडी, जवळ होती, त्यावरचा मुलगा हात पुढे करत होता, पण मी धरली नाही, कारण धरली की बाद होतो असंच मला वाटत होतं. नियम असा आहे की कयाक धरून हवा तेवढा वेळ थांबता येतं, फक्त तिच्या आधाराने पुढे जायचं नाही. एवढी साधी गोष्ट पैसे घेणाऱ्या माणसाने सांगायला नको का? शेवटी मला बोटीत घेतलं. त्यानंतर त्या ऑनलाइन कोचचा फोन नाही, मेसेज नाही. ग्रुपवर मात्र लिहिलं होतं की काही जण पूर्ण तयारी नसताना स्पर्धेला उतरतात, त्यापेक्षा न उतरलेलं बरं. नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. घरी येऊन मी ते कितीतरी वेळा वाचलं.

१९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण निघाले होते आणि १२ जण पोचले. म्हणजे न पोचणारे पहिल्या दिवसापासून ह्याच खेळात आहेत, त्यांना कुणी ग्रुपमधून हाकललं नाही. हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

तर अशा अवस्थेत मी तलावावर आले अण्णा. पाण्यात उतरायला नाही, नुसती काठावर बसायला. तुम्ही पोहून बाहेर आलात, अंग पुसत होतात, आणि विचारलंत, "ताई, कपडे पोहायचे घालून आलाय आणि बसलाय व्हय?" मी काहीतरी बोलले असेन. मग तुम्ही जे विचारलं ते तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. "भ्या कशाचं वाटतंय, बुडायचं का श्वास लागायचं?" मी म्हटलं श्वासाचं. "मग सोपं हाय," म्हणालात. बस, एवढंच.

सोपं नव्हतं ते, पण तुम्ही समजावलंत ते आयुष्यात विसरणार नाही. श्वास कमी पडत नाही, जुना श्वास बाहेर टाकलेला नसतो. तोंड पाण्यात असताना माणूस घाबरून श्वास धरून ठेवतो, मग तोंड बाहेर आल्यावर तेवढ्याशा वेळात सोडायचा पण आणि घ्यायचा पण, ते होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि अंग ओरडायला लागतं की हवा नाही, हवा नाही. तुम्ही हे डॉक्टरांच्या शब्दात नाही सांगितलंत. तुम्ही म्हणालात, पाण्यात तोंड घातलं की विठ्ठल विठ्ठल म्हणायचं, नाव घेतलं की श्वास आपसूक सुटतोय. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मी नुसतं तेच करत होते, बुडबुडे काढत, आणि तुम्ही शेजारी उभे राहून तुमचेही बुडबुडे काढत होतात. सत्तरीचा माणूस, ज्याने पंचगंगेच्या पुरात पोहून दाखवलंय असं तालमीतली माणसं सांगतात, तो माझ्याबरोबर उभ्याने बुडबुडे काढतोय.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते तुम्ही कधी स्वतःहून बोलला नाहीत.

मला फक्त उजवीकडे श्वास घेता येतो. डावीकडे मान वळवली की अंगच वाकडं होतं. आपण आत जायला लागलो तेव्हा पहिल्या दिवसापासून तुम्ही माझ्या उजवीकडे होतात. मी तोंड बाहेर काढलं की तुमची ती उन्हाने विटलेली लाल टोपी दिसायची, आणि तुमचं तोंड माझ्याकडे असायचं. दर वेळी. खाली हिरवं गढूळ पाणी, हात टाकला की शेवाळ लागतंय, काही दिसत नाही, आणि वर आलं की टोपी. मला वाटायचं योगायोग आहे, तुम्हाला तीच बाजू बरी पडत असेल. मग एकदा मला यायला उशीर झाला आणि तुम्ही एकटेच आत गेला होतात. मी काठावरून बघत होते तर तुम्ही उजवीकडे श्वास घेत होतात. आणि केवढ्या वेगाने जात होतात! मी तुम्हाला तसं पोहताना कधी बघितलंच नव्हतं.

तेव्हा कळलं अण्णा. माझ्या उजवीकडून पोहत मला बघायचं तर तुम्हाला डावीकडे तोंड काढावं लागत होतं. माझ्यासाठी तुम्ही आयुष्यभराची बाजू बदलली होती, वेग निम्म्याच्या खाली आणला होता, स्वतःचा सकाळचा व्यायाम सोडून दिला होता, आणि एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पोहणाऱ्याला कळेल हे काय आहे. इतक्या वर्षांची बाजू बदलली की मान दुखते, खांदा भरून येतो, नाकातोंडात पाणी जातं. काकू नंतर म्हणाल्या पण, की रात्री मानेला तेल लावून शेकत बसायचे. मी तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "दोन्हीकडनं जमाय पाहिजे म्हणून शिकतोय."

आणि दुसरी गोष्ट तर मला अगदी शेवटी समजली. पावसाळा संपत आला तसे तुम्ही लांब लांब जायला लागलात. आधी हात लांब केला तर लागाल एवढे जवळ असायचात. मग थोडं अंतर, मग अजून थोडं, मग टोपी बारीक दिसायला लागली, आणि एके दिवशी मी पलीकडच्या टोकाला पोचून वळून बघितलं तर तुम्ही मागे काठावर उभे, टॉवेल खांद्यावर. कधीपासून उभे होतात ते मला आजही माहीत नाही. मी सगळं अंतर एकटी आले होते. घाबरायला वेळच दिला नाहीत तुम्ही.

कयाकचा नियमही तुम्हीच शोधलात. इंग्रजी येत नाही म्हणून एका कॉलेजच्या पोराला बसवून त्याच्या फोनवरून सगळं वाचून घेतलंत आणि मला सांगितलंत की कयाक धर बिनधास्त, श्वास घे, परत सोड. फी देऊन जे मिळालं नाही ते असं मिळालं. आणि फीचं मी नाव काढलं तेव्हा तुम्ही जे बघितलंत माझ्याकडे, त्यानंतर परत काढायची हिंमत नाही झाली.

आता गोव्याचं. पाणी गरम होतं, वेटसूट म्हणजे पोहायचा रबरी सूट चालत नाही तिथे, २४.५ डिग्रीच्या वर पाणी असलं की आमच्यासारख्यांना परवानगीच नाही, त्यामुळे सूटचा तरंगायला जो आधार मिळतो तो पण नाही. आत जाताना उजवीकडे तोंड काढलं की मांडवीच्या पलीकडे आग्वादचा डोंगर दिसत होता. मार्ग दाखवायला पाण्यात सोडलेल्या पहिल्या फुग्यापाशी गर्दी झाली, कुणाचा तरी पाय गॉगलवर बसला, पाणी आत गेलं, आणि ते सगळं परत सुरू झालं, छाती, घसा, सगळं. मी कयाककडे गेले आणि धरली. त्यावरची मुलगी म्हणाली टेक युअर टाइम. मी पाण्यात तोंड घालून विठ्ठल विठ्ठल म्हटलं, गॉगल साफ केला, सोडली कयाक आणि निघाले. दर सात-आठ हातांनी डोळे वर काढून फुगा बघायचा, बाकी वेळ मान खाली, तुम्ही सांगितलं तसंच. परत येताना उजवीकडे दोना पावलाची बाजू, आणि मला आठवतंय की त्या वेळी मी घाबरले नव्हते, मला चक्क आवडत होतं ते. पायाला वाळू लागली तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक होता. मी वाळूवर उभी राहून रडले, शेजारून लोक पळत जात होते.

पुढचं थोडक्यात. सायकलवर दमट हवा, वारा, आणि मधेच पंक्चर. माझ्याकडची जादा ट्यूब घातली तर तिचा व्हॉल्व्ह खराब निघाला. एक मुलगा थांबला, स्वतःची ट्यूब काढून दिली, हवा भरेपर्यंत सायकल धरून उभा राहिला आणि गेला. स्पर्धकाने स्पर्धकाला ट्यूब दिलेली नियमात बसते, पण त्याची मिनिटं गेली ना, आणि नंतर त्याला पंक्चर झालं असतं तर काय केलं असतं त्याने? त्याचं नाव पण विचारायचं राहिलं. पळताना ऊन एवढं होतं की पाण्याच्या टेबलावरची शाळकरी पोरं टोपीत बर्फ भरून द्यायची आणि तो पुढच्या टेबलापर्यंत वितळून जायचा. शेवटचे काही किलोमीटर चालत, पळत, चालत केले. साडेआठ तासांच्या आत पोचले अण्णा.

मला राहून राहून वाटतं की चांगली माणसं कुठे भेटतील ह्याचा काही नेम नाही, पण ती असतात भरपूर. ज्यांच्या बोर्डावर कोच लिहिलंय त्यांच्याकडे मी गेले, आणि शिकवलं त्याने ज्याच्याकडे बोर्डच नाही. कोल्हापुरात वस्तादांची मोठी परंपरा आहे असं आपण अभिमानाने म्हणतो, तालमीत माती अंगाला लावून शिकवणारी माणसं होती म्हणून ती परंपरा झाली. तुम्ही त्यातले आहात. आणि त्या कोच लोकांना मला एवढंच सांगायचंय की बाई उशिरा शिकायला आली म्हणजे ती वेळ घालवायला आलेली नसते. तिने घरातलं, नोकरीतलं किती काय बाजूला सारून तो पाऊण तास काढलेला असतो. तिच्याकडे निदान बघा. फोन खाली ठेवून बघा.

रविवारी येतेय तलावावर. माझ्या ऑफिसमधल्या एक मॅडम पण येतो म्हणाल्यात, त्यांना पाण्याची फार भीती आहे, तुम्हाला चालणार असेल तरच आणते, मानेचा त्रास वाढत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. कमरेइतक्या पाण्यातलं मी बघेन, पुढचं तुम्ही सांगाल तसं. आणि मुलाने सुद्धा दहावी झाल्यावर येणार म्हणून आधीच सांगून ठेवलंय.

काकूंना नमस्कार सांगा. थर्मासमधला आल्याचा चहा त्या माझ्यासाठी जास्तीचा भरून द्यायच्या हे मला उशिरा कळलं, त्याचे आभार मानायला घरी येते. गोव्याचे काजू आणलेत, तुम्हाला डॉक्टरांनी मना केलेत ते माहितीय, ते काकूंसाठी आहेत.

तुमची,
तलावावरची ताई