विनू, तो डबा पाठवण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

फोन हाताशी असताना मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी आहे, हे तू ओळखलंच असशील. गेल्या रविवारी तू सहज बोलून गेलास, "डॉक्टर म्हणाले कोलोनोस्कोपी कर, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासून घे, नाहीतर घरच्या घरी स्टूल टेस्ट कर. मी डबा मागवलाय, एकदा हातावेगळं करून टाकतो." मी 'बरं' म्हणालो आणि आपण दिवाळीच्या फराळावर गेलो. ते 'बरं' मला आठवडाभर टोचतंय. फोनवर मला हे सलग सांगता आलं नसतं, तू मध्ये बोललास की मी थांबलो असतो. म्हणून बसलो लिहायला.

आधी हे सांगतो की तू काही चुकीचं ठरवलेलं नाहीस. पंचेचाळिशी उलटली की मोठ्या आतड्याची तपासणी करा, असं इथे २०२१ पासून सांगतात, त्याआधी पन्नाशीला सांगायचे. आणि ज्याला काही त्रास नाही, घरात कुणाला या आतड्याचा कॅन्सर नाही, त्याने घरची टेस्ट केली तर ती कमी प्रतीची समजायचं कारण नाही. आमच्या शुभाचंच बघ. ती दर वर्षी वाढदिवसाच्या महिन्यात 'फिट' करते, म्हणजे शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी घरची टेस्ट. बोटाएवढी नळी असते, झाकणाला काडी, काडीच्या टोकाला खाचा. कमोडवर कागद पसरायचा, काडी चार-पाच ठिकाणी टोचायची, खाचा भरल्या की नळीत खुपसून झाकण लावायचं आणि पोस्टात टाकायचं. पूर्वीच्या टेस्टसारखं खाण्यापिण्याचं पथ्य नाही, कारण ही टेस्ट फक्त माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ओळखते, मटणातलं नाही. स्पेनमध्ये सत्तावन्न हजार लोकांवर दहा वर्षं अभ्यास झाला, त्याचा निकाल याच वर्षी आला. अर्ध्यांना दर दोन वर्षांनी फिटसाठी बोलावलं, अर्ध्यांना एकदा कोलोनोस्कोपीसाठी. या कॅन्सरने होणारे मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले, आणि घरच्या टेस्टला लोक जास्त तयार झाले. जी टेस्ट माणूस खरोखर करतो तीच उपयोगाची, हे मला पटतं. म्हणून शुभाला मी कधी म्हटलं नाही की तू कोलोनोस्कोपीच कर.

तुला मात्र म्हणतोय. ते का, ते सांगायला मला चौतीस वर्षं मागे जावं लागणार आहे.

१९९१ चा फेब्रुवारी. तू नागपूरला हॉस्टेलवर, मी सांगलीत, दर शनिवारी एस.टी.ने तासगावला. तुझ्या वडिलांचं, आपल्या अण्णांचं, मिरजेला ऑपरेशन झालं तेव्हा तुला कळवलं होतं की आतड्याला पीळ पडला होता, आता ठीक आहे. दवाखान्यात डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी जिन्यापाशी उभा होतो, हातात तांदळाच्या पेजेचा डबा, आणि सर्जन तुझ्या मामांना सांगत होते, "मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. लिव्हरपर्यंत पोचलाय." मामांनी वळून पाहिलं आणि मी ऐकलंय हे त्यांना कळलं.

त्या संध्याकाळी तुझ्या आईने, काकूंनी, मला बाहेर बाकावर बसवलं. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "विनूच्या कानावर घालू नकोस. पोरगं शिक्षण टाकून येईल." मी शब्द दिला. एकोणीस वर्षांचा होतो, दुसरं काय करणार होतो.

अण्णा घरी आल्यावर सैल सदरा घालायला लागले, वर उपरणं. तुला वाटलं असेल ऑपरेशनमुळे. त्या सदऱ्याखाली पोटाच्या डाव्या बाजूला पिशवी होती, विनू. शौचाची वाट तिथून काढली होती. मी एकदा मागच्या दाराने आलो तेव्हा काकू पडवीत ती बदलत होत्या. शेजारी डेटॉल टाकलेलं गरम पाणी, वाफाळणारं. पोटावर तेवढाच एक गोल, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल आणि ओला. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी तसाच मागे फिरलो. ज्या माणसाने आपल्याला भर वर्गात ताठ उभं राहायला शिकवलं, तो भिंतीकडे तोंड करून बसलेला मी पाहिला आणि ते चित्र अजून जात नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये कावीळ झाली. तुझी परीक्षा चालू होती. महाराष्ट्र एक्स्प्रेसने तू मिरजेला उतरलास तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि तुला सांगितलं गेलं की कावीळ उलटली. कावीळ खरी होती. पण ती लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठींची होती.

हे मी तुला आधी का सांगितलं नाही, याला माझ्याकडे बरं उत्तर नाही. आधी शब्द दिलेला होता. मग तू अमेरिकेला आलास, मग मी आलो, मग लग्नं, पोरं. २०१६ मध्ये काकू गेल्या तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, आता जुनी जखम कशाला उकरायची. पण तू पंचेचाळीस झालास, पन्नास झालास, आणि डॉक्टरांच्या फॉर्मवर 'घरात कुणाला कॅन्सर?' या रकान्यात 'नाही' लिहीत राहिलास. ते 'नाही' माझ्या गप्प बसण्यामुळे आहे. मला माफ कर.

आता या एका गोष्टीने काय बदलतं ते बघ. अण्णांना रिटायर व्हायला तेव्हा दोन वर्षं होती, म्हणजे ते छप्पन्न वर्षांचे होते. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर त्या माणसाला घरची टेस्ट पुरेशी समजत नाहीत. चाळिशीला, किंवा नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करायची आणि दर पाच वर्षांनी परत करायची. तू त्रेपन्न वर्षांचा आहेस. तुझी पहिलीच तेरा वर्षं लांबली आहे.

आकडे मांडून सांगतो, म्हणजे नुसतं घाबरवतोय असं वाटणार नाही. २०१४ मध्ये इथे जवळजवळ दहा हजार लोकांवर दोन्ही घरगुती टेस्ट आणि कोलोनोस्कोपी एकत्र करून बघितल्या होत्या. ज्यांना कॅन्सर होताच अशा शंभरांतले साधारण चौऱ्याहत्तर फिटने पकडले. तुझा तो मोठा डबा, ज्यात अख्खी शौच भरून कुरियरने द्यायची, तो म्हणजे कोलोगार्ड. रक्ताबरोबर डी.एन.ए.ही तपासणारा. त्याने ब्याण्णव पकडले. चांगलाच आकडा आहे. पण कॅन्सर व्हायच्या आधीच्या मोठ्या, धोकादायक गाठी बघ. फिटने शंभरांतल्या चोवीस पकडल्या, कोलोगार्डने बेचाळीस. म्हणजे निम्म्याहून जास्त निसटल्या. गाठ रोज रक्त सोडत नाही, काही तर सोडतच नाहीत. म्हणून तर फिट दर वर्षी आणि कोलोगार्ड तीन वर्षांनी करायला सांगतात, यंदा निसटली तर पुढच्या वेळी सापडावी. ज्याचा धोका नेहमीइतकाच आहे त्याला हे परवडतं, कारण गाठीचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. पण अण्णांच्या मुलाने निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन तीन वर्षं निर्धास्त राहावं, हे मला बघवणार नाही. तुझ्या बाबतीत नुसता कॅन्सर शोधायचा नाही. त्याच्या आधीची गाठ शोधायची, आणि ती बघून त्याच बैठकीत काढणारी तपासणी एकच आहे.

तिच्यातही धोका आहे, तो लपवत नाही. दहा हजारांत साधारण तिघांच्या आतड्याला भोक पडतं आणि पंधराएक जणांना जास्त रक्तस्राव होतो. गाठ काढताना हा धोका थोडा वाढतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असशील तर आधी सांग.

माझं तुला अर्धंच माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी माझी फिट पॉझिटिव्ह आली होती. मला जुनी मूळव्याध आहे, त्याचंच रक्त असणार म्हणून मी दोन महिने पुढे ढकललं. शुभाला सांगितलंसुद्धा नाही. मग एका रात्री अण्णा आठवले. ते वर्षभर मूळव्याध समजून चूर्ण घेत होते, जेवणात ताक आणि सुरण. कुणी आत डोकावून बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी अपॉइंटमेंट घेतली. बारा मिलिमीटरची गाठ निघाली. तारेचा फास टाकून तिथल्या तिथे काढली, कॅन्सर नव्हता, पण राहिली असती तर पुढे होऊ शकला असता. मला तीन वर्षांनी परत बोलावलंय. घरची टेस्ट पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी चुकत नाही, पॉझिटिव्ह आल्यावर फिट परत करून बघण्यात काही अर्थ नसतो. आणि तुला डोळ्यांनी रक्त दिसत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल, तर डब्याचा विचारच करू नकोस. डबा ज्याला काहीच त्रास नाही त्याच्यासाठी. तसं काही आहे का, ते मला खरं सांग.

तपासणीत तुला काही कळणार नाही, हाताला सुई लावतात आणि झोप लागते. खरी कसोटी आदल्या दिवशीची. तीन-चार दिवस आधीपासून बिया, सालं, कडधान्यं बंद. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ: गाळलेलं लिंबू सरबत, शहाळ्याचं पाणी, कोरा चहा, गाळलेलं सूप. कोकम सरबत पिऊ नकोस, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. औषधाचं पाणी दोन वेळा प्यायचं, अर्धं संध्याकाळी आणि अर्धं पहाटे अलार्म लावून. पहाटेचं अर्धं टाळावंसं वाटेल, पण तेच महत्त्वाचं. आतडं स्वच्छ नसेल तर डॉक्टरला गाठ दिसत नाही आणि सगळं परत करावं लागतं. ते थंड करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागे सोडत पी. बाथरूमजवळ गादी टाक, आणि कागदाऐवजी पाणी वापर. मी व्हॅसलीन लावलं होतं, त्याने फार बरं पडलं.

पैशाचं म्हणशील तर इन्शुरन्सला आधी फोन कर. नेहमीची तपासणी फुकट असते, घरची टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावरची कोलोनोस्कोपीही २०२३ पासून बहुतेक प्लॅनमध्ये फुकट झाली. पण घरातल्या आजारामुळे लवकर आणि दर पाच वर्षांनी करायची असेल तर बिल कसं लागतं हे प्लॅनवर असतं. आधी विचारलेलं बरं.

आणखी एक काम तुझंच आहे. ताईला फोन कर. सांगलीला तिच्या माळ्यावर काकूंची पत्र्याची ट्रंक आहे, त्यात अण्णांचे दवाखान्याचे कागद खाकी लिफाफ्यात असायचे. ऑपरेशनचा आणि गाठीच्या तपासणीचा कागद मिळाला तर फोटो काढून मागव आणि डॉक्टरांना दाखव. नाही मिळाला तरी 'वडील, छप्पन्नाव्या वर्षी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर' एवढं फॉर्मवर लिही. मामांच्या किंवा आत्यांच्या बाजूला आणखी कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का, तेही विचार. तसे दोन-तीन निघाले तर डॉक्टर आनुवंशिक तपासणीही सांगतील. आणि ताई साठीला आली. तिच्याकडे इथल्यासारखं कुणी पत्र पाठवून बोलावत नाही, पण ती अण्णांचीच मुलगी आहे. तिलाही सांग. तुला जड जाणार असेल तर मी सांगतो, तेवढं देणं मी लागतोच.

तू चिडशील. चीड, मला चालेल. काकूंवर मात्र चिडू नकोस. कॅन्सर हा शब्द घरात उच्चारला की तो घरात येतो, असं मानणारी ती पिढी, आणि त्यांना तुझी डिग्री हवी होती. अण्णांनाही हवी होती. शेवटच्या महिन्यात ते मला दर शनिवारी विचारायचे, "विनूचं पत्र आलं का?" आलेलं पत्र मी वाचून दाखवायचो, मग ते स्वतः परत वाचायचे, चष्मा वर सरकवून.

तपासणीनंतर गाडी चालवू देत नाहीत, न्यायला माणूस लागतो. नीता कामावरून सुट्टी काढेल हे मला माहीत आहे, पण मला यायचंय. पिट्सबर्ग इथून साडेपाच तास, आदल्या संध्याकाळी पोचतो आणि पहाटेचा अलार्म मीच लावतो. नोव्हेंबरातली कुठलीही तारीख घे, फक्त दुसरा सोमवार सोडून.

पत्र वाचून झालं की फोन कर. रात्री कितीही वाजले असले तरी.

तुझा,
श्री