तारखेची चूक दाबू नका, दुरुस्त करा

महोदय,

पतसंस्था, शाळा, दवाखाने यांच्या जुन्या वह्यांतल्या नोंदी डेटाबेसमध्ये चढवताना 'तारीख किंवा वेळ अवैध' असा संदेश हमखास येतो. मुदत जवळ आली की पुष्कळ ठिकाणी तपासणीच बंद करून नोंदी आत ढकलतात. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये 'स्ट्रिक्ट मोड' (चुकीची नोंद नाकारणारी कडक तपासणी) काढला की संदेश थांबतो हे खरे, पण अवैध तारखेच्या जागी '००००-००-००' बसते आणि मुळात काय लिहिले होते ते त्या रकान्यातून पुसले जाते. ५.७ आवृत्तीपासून हा मोड आपोआप चालू असतो. तो चालूच राहू द्यावा.

सर्वांत मोठा घोळ दिवस आणि महिन्याच्या क्रमाचा. ०५/०८/२०२३ म्हणजे आपल्याला ५ ऑगस्ट. अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला सर्व्हर ८ मे वाचतो. १३/०८/२०२३ आली की तेरावा महिना सापडत नाही म्हणून क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) अडते. साध्या वर्षातल्या ३६५ तारखांपैकी अशा २२१ अडतात, ०१/०१, ०२/०२ यांसारख्या १२ कशाही वाचल्या तरी त्याच राहतात आणि उरलेल्या १३२ एक शब्दही न बोलता उलट्या होऊन बसतात. खरे नुकसान या १३२चे आहे. त्यामुळे अडलेल्या तेवढ्या हाताने सुधारून काम संपत नाही. ती पूर्ण यादी पुन्हा चढवावी लागते.

यादी आधी वेगळ्या टेबलात, साध्या मजकुराच्या रकान्यात घ्यावी. एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस सॉफ्टवेअर असेल तर मजकुराची तारीख करून पाहणाऱ्या 'ट्राय_कन्व्हर्ट' फंक्शनला १०३ ही शैली द्यावी. १०३ म्हणजे दिवस/महिना/वर्ष. जिथे उत्तर 'नल' ('मूल्य नाही' ही खूण) येते त्या ओळी सदोष, मग त्या मूळ वहीशी ताडून पाहाव्यात. एक खाच लक्षात ठेवावी: रिकामा मजकूर इथे 'नल' होत नाही, त्याची १ जानेवारी १९०० होते. म्हणून आधी 'नलइफ' वापरून रिकाम्या जागा 'नल' कराव्यात.

क्वेरीत तारीख लिहायची तर वर्ष, महिना, दिवस असे आठ अंक सलग लिहावेत: '२०२३०८१३'. (इथे अंक देवनागरीत छापले आहेत, सर्व्हरला इंग्रजीच द्यावेत.) डॅश घातलेले '२०२३-०८-१३' सुरक्षित वाटते, पण लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्रजी असेल तर तारीख-वेळ साठवण्याचा एसक्यूएल सर्व्हरमधला जुना 'डेटटाइम' प्रकार तेही उलटे वाचतो आणि अडतो. त्याहून बरे म्हणजे तारीख मजकुरात न चिकटवता पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीबाहेरचे वेगळे मूल्य म्हणून पाठवावी.

मराठी कळफलकावरून भरलेल्या अर्जांत आणखी एक अडचण येते. पायथन किंवा डॉटनेट या प्रोग्रामिंगच्या साधनांमधली 'कोणताही अंक चालेल' ही रेगएक्स (मजकुराचा नमुना जुळवणारी) तपासणी देवनागरी अंकही अंकच मानते. अर्ज पुढे सरकतो आणि डेटाबेस तारीख नाकारतो. तपासणीत शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक स्पष्ट लिहावेत किंवा आलेले अंक आधी बदलून घ्यावेत.

महिन्याच्या अहवालात शेवटचा दिवस म्हणून सरसकट ३१ जोडलेला असतो. तो अहवाल फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये बंद पडतो. आर्थिक वर्षाचा अहवाल अडत नाही, पण रकान्यात वेळही असेल तर '३१ मार्चपर्यंत' याचा अर्थ ३१ मार्चची मध्यरात्र शून्य वाजता असा लागतो आणि त्या दिवसभराच्या पावत्या गळतात. त्यावर कोणी २३:५९:५९.९९९ लिहितात, 'डेटटाइम' ते १ एप्रिलवर नेऊन ठेवतो आणि मध्यरात्रीच्या ठोक्याची नोंद गेल्या वर्षात जाते. '१ एप्रिलपेक्षा कमी' एवढी अट लिहिली की दोन्ही प्रश्न सुटतात.

राहिली माहीत नसलेली तारीख. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत १ जून लावून टाकण्याची आपल्याकडची जुनी रीत. त्यातली खरी १ जून कोणती आणि सोयीची कोणती हे आज रजिस्टर पाहून सांगता येत नाही. डेटाबेसमध्ये 'नल' आहे, म्हणजे 'माहीत नाही' असे लिहिण्याची सोय आहे. ती वापरावी, आणि काम देताना पुरवठादाराकडून अडलेल्या प्रत्येक नोंदीची मूळ मजकुरासह यादी लेखी मागून घ्यावी.

– एक डेटाबेस प्रशासक, पुणे