टीबीचा शिधा रुग्णाच्या नव्हे, घराच्या नावाने द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

जव्हार तालुक्यात 27 वर्षं आरोग्यसेविका होते. टीबीच्या एका बाईंच्या घरी गेले होते, तेव्हाची गोष्ट. वजन 36 किलो. रुग्णासाठीच्या पोषण किटमधला प्रोटीन पावडरचा डबा महिनाभर पुरायला हवा, त्याचा आठव्या दिवशीच तळ दिसत होता. चुलीशेजारी चार कप ओळीने मांडलेले. मी रागावले. बाई खाली बघत म्हणाल्या, "पोरांसमोर एकटीनं कसं पिऊ, ताई?"

बाई बऱ्या झाल्या. दीड वर्षाने थोरल्या मुलाच्या थुंकीत जंतू सापडले.

आपण नुसतं नशीब म्हणत आलो, त्याचं उत्तर झारखंडात मिळालं आहे. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने 2019 पासून तिथल्या चार जिल्ह्यांत 2,800 रुग्णांच्या घरातल्या 10,345 माणसांवर लक्ष ठेवलं. रुग्णाला शिधा सगळीकडेच होता. निम्म्या भागांत मात्र घरातल्या इतरांनाही दिला: मोठ्या माणसामागे महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. थुंकीतून पसरणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीचं तर 48 टक्क्यांनी. 2023 साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. साधारण 30 घरांना शिधा दिला की एक माणूस टीबीपासून वाचतो, असा त्यांचा हिशेब आहे. यातली बहुतेक माणसं आदिवासी होती, आमच्या पाड्यांवरच्यांसारखीच. आणि या अभ्यासाला पैसा आपल्याच देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दिला होता. म्हणजे हे संशोधन सरकारला परकं नाही.

टीबीच्या रुग्णाला आहारासाठी दरमहा मिळणारे निक्षय पोषण योजनेचे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले, त्याबद्दल मनापासून आभार. पण ते रुग्णाचे. घरच्यांच्या किटचं काय? निक्षय मित्र, म्हणजे स्वखुशीने मदत करणारा दाता, मिळाला तर मिळतं. दात्यांचे उपकार आहेतच, पण पाड्यावरच्या लेकरांचं जेवण कुणाच्या तरी मर्जीवर का असावं?

रेशनवर तांदूळ मिळतो, खरी वानवा डाळीची आणि तेलाची. 2022 च्या दिवाळीत याच राज्याने आनंदाच्या शिध्यात चणाडाळ, तेल, रवा, साखर रेशन दुकानांतून घरोघरी पोचवली. दुकानं तीच आहेत, शिधापत्रिकाही त्याच. पुरवठा खातं आपलं नाही, हे कळतं. त्या मंत्र्यांशी बोलणं मात्र आपल्या हातात आहे.

रुग्णाची निक्षय या सरकारी टीबी नोंदणी पोर्टलवर नोंद झाली की त्याच महिन्यापासून त्या शिधापत्रिकेवरच्या प्रत्येक माणसाला डाळ आणि तेल सुरू करा, निदान उपचार संपेपर्यंत. सुरुवात पालघर, नंदुरबार, गडचिरोलीपासून करा. आणि घरच्यांचं वजनही दर महिन्याला उपचाराच्या कार्डावर लिहायला सांगा. आज तो रकाना फक्त रुग्णाचाच असतो.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका