तूप आणि डालडा एका पंगतीत कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला हृदयविकारावरचा लेख वाचला. बाकी सगळे पटले, पण तूप, लोणी आणि डालडा ही तिन्ही नावे एकाच वाक्यात, एकाच दमात 'टाळा' म्हणून आली, तिथे मी अडलो.

डालडा म्हणजे काय, हे खान्देशाला बाहेरच्याने सांगायला नको. भुईमुगाच्या या पट्ट्यात, अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. (ज्यांच्या आजोबांनी तेव्हा शेअर घेऊन पेटीत टाकले, त्यांचे कल्याण झाले. आमच्या आजोबांनी बैलजोडी घेतली.) पातळ तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन मुरवला की ते थिजते, तुपासारखे रवाळ दिसते, लवकर खवट होत नाही, शिवाय स्वस्त. मात्र ही क्रिया अर्ध्यावर थांबवली की तेलाची घडणच बदलते आणि ट्रान्स फॅट तयार होते. लेखात नेमका हाच शब्द नाही.

या ट्रान्स फॅटचा हृदयाला असलेला धोका ज्यांनी आयुष्यभर लावून धरला, ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे शास्त्रज्ञ फ्रेड कुमेरो. हृदयविकाराने गेलेल्या माणसांच्या धमन्यांत त्यांना ते सापडले आणि १९५७ साली त्यांनी तसा निबंध छापला. कोणी फारसे मनावर घेतले नाही, कारण त्या काळी सगळा रोष कोलेस्टेरॉलवर होता. २००९ मध्ये त्यांनी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे ट्रान्स फॅटवर बंदीसाठी अर्ज केला. उत्तर येईना, तेव्हा २०१३ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी, सरळ कोर्टात गेले. आपल्याकडे या वयात माणूस वाटणीच्या दाव्यातूनही अंग काढून घेतो! २०१५ मध्ये प्रशासनाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला, पण अंमलबजावणीची मुदत पडली २०१८ची आणि कुमेरो १०२ वर्षांचे होऊन २०१७ मध्येच गेले. स्वतः ते अंडी, लोणी, सायीसकट दूध खात-पीत असत. आहारातल्या कोलेस्टेरॉलबद्दलचे त्यांचे म्हणणे सगळ्या तज्ज्ञांना मान्य नाही, आणि मीही तूप वाटीने प्या असे म्हणत नाही. डॉक्टरांनी मला चमचाच सांगितला आहे. पण चमच्याचा हिशेब वेगळा आणि डालड्याचा वेगळा.

आपल्याकडेही नियम झाला. तेलातले आणि वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या आत हवे. म्हणजे आजचा सीलबंद डबा पूर्वीसारखा नाही, हे मान्य. माझी शंका आहे ती बिनलेबलच्या डब्याची. मागच्या महिन्यात गावातल्या भंडाऱ्यात वरण-बट्टी होती. उकडलेल्या बट्ट्या चिरून कढईत सोडत होते, कढईशेजारी नाव नसलेले दोन पत्र्याचे डबे. यात काय आहे विचारले तर आचारी म्हणाला, "आबा, तूपना भाव माहीत शे का तुमले?" पुढे बोलायची सोयच राहिली नाही. बट्टी मीही खाल्ली, दोन खाल्ल्या.

दिवाळीआधी आपल्या बायाबापड्या पीठ, साखर आणि डालडा घेऊन बेकरीत नानकटाई पाडायला बसतात. तिथे निदान डबा आपल्या हातातला असतो आणि त्यावरचा आकडा वाचता येतो. शेव-भजीच्या कढईचे काय? सकाळचे तेल संध्याकाळी, संध्याकाळचे उद्या, काळे पडले की वरून थोडे ताजे. तापून तापून ऑक्सिडीकरण झालेल्या तेलाबद्दल कुमेरोंनी शेवटच्या वर्षांत बजावले होते. आपल्याकडे २०१८ पासून नियम आहे की तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून बिघडले की वाढणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये. ते मोजायचे हातात धरायचे यंत्र असते म्हणतात. आमच्या बाजारपेठेत ते घेऊन आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या पुरवणीत तेलाच्या आणि वनस्पतीच्या डब्यावरचे लेबल कसे वाचायचे, याची एक चौकट छापावी. अक्षर जरा मोठे ठेवा, आमच्या घरी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर तालुका